परराज्य दौऱ्याची मंजुरी

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्याला सरकारी कामासाठी राज्याची हद्द ओलांडायची असेल, तर निघण्याआधी सक्षम प्राधिकाऱ्याची लेखी मंजुरी घ्यावी लागते. नियम एवढाच आहे. मंजुरी लेखी असावी, ती सक्षम माणसाने दिलेली असावी आणि तिची तारीख प्रवासाच्या आधीची असावी, या तिन्ही गोष्टी एकाच नस्तीत जमून आल्याची उदाहरणे सरकारी दप्तरात आहेत. फक्त ती काढून दाखवायला वेळ लागतो.

या नियमाच्या अभ्यासाला सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे सोयीचे पडतात. साताऱ्याला परराज्याची हद्दच नाही. पुणे, सोलापूर, सांगली, रत्नागिरी आणि रायगड या पाच जिल्ह्यांनी त्याला चहूकडून वेढलेले आहे. त्यामुळे साताऱ्याचा कर्मचारी परराज्यात चुकून जाऊ शकत नाही, त्याला तसे ठरवावे लागते. सांगलीचे तसे नाही. मिरज, कवठेमहांकाळ आणि जत या तीन तालुक्यांना कर्नाटक लागून आहे. मिरजेहून म्हैसाळ मागे टाकले की थोड्याच वेळात कागवाड येते आणि तिथे चहाला थांबलेला माणूस बेळगाव जिल्ह्यात बसलेला असतो. दुकानाची पाटी कानडीत, चहावाला मराठीत बोलणारा, आणि गिऱ्हाईक सरकारी नोकर असेल तर ते विनापरवाना.

नियमाचा पाया मुख्यालय हा आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याला एक मुख्यालय नेमून दिलेले असते आणि तो कायम तिथेच असतो, असे शासन धरून चालते. तो कराडात राहतो आणि रोज सकाळच्या एसटीने पाटणला जातो हे गावाला, पोस्टमनला आणि वरिष्ठांनाही ठाऊक असते. कागदावर तो पाटणचाच. मुख्यालयापासून आठ किलोमीटरच्या आत केलेली वणवण ही फिरती धरली जात नाही. त्यापुढची फिरती धरली जाते आणि तिला भत्ता मिळतो. कर्मचाऱ्याच्या कार्यक्षेत्रातल्या फिरतीला कार्यालयप्रमुखाची सही पुरते. कार्यक्षेत्र सोडले की वरचा अधिकारी लागतो, आणि राज्य सोडायचे म्हटले की प्रस्ताव सर्वसाधारणपणे मंत्रालयाची वाट धरतो. कोणत्या पायरीवर कोणाची सही, याबाबत खात्याखात्यांत फरक आहे. हा फरक खात्यातल्या सर्वांना माहीत असतो आणि प्रत्येकाला वेगळा माहीत असतो.

सुट्टीच्या दिवशीही मुख्यालय सोडायचे तर परवानगी लागते. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला सांगली जिल्ह्यातून दरवर्षी मोठी गर्दी जाते. चिंचली रायबाग तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. त्या गर्दीत सरकारी नोकर किती आणि त्यांतले परवानगी घेऊन आलेले किती, हा प्रश्न आजवर कोणत्याही लेखापरीक्षकाने काढलेला नाही. बहुधा तोही त्याच गर्दीत असावा.

प्रवासभत्त्याचे महाराष्ट्रातले नियम मुंबई नागरी सेवा नियम, 1959 या नावाने ओळखले जातात. हे साल लक्षात घेण्यासारखे आहे. 1959 साली मुंबई राज्य द्विभाषिक होते आणि अहमदाबाद, राजकोट, भूज ही सगळी गावे त्या राज्यात होती. साताऱ्याच्या कारकुनाला सरकारी कामासाठी भूजला पाठवले असते, तर तो राज्यांतर्गत दौरा ठरला असता. 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि तोच दौरा परराज्याचा झाला. भूज जागचे हलले नव्हते. बेळगाव, विजापूर आणि धारवाडबाबत हा प्रकार आधीच, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, उरकला होता. तोवर मिरजेचा माणूस बेळगावला कामासाठी गेला तरी मुंबई राज्यातच असे.

आणखी मागे गेल्यास हद्दीचा खेळ जास्त रंगतो. सिंध 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता. त्यामुळे इंग्रजी अमलातल्या सातारा जिल्ह्याच्या अंमलदाराला कराची स्वतःच्याच इलाख्यात पडे, आणि औंध, जे आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे, ते परक्या संस्थानात. समुद्रकाठचे कराची घरचे आणि डोंगरापलीकडचे औंध परमुलूख, हा हिशेब तेव्हा कोणाला चमत्कारिक वाटला नाही, कारण तो नकाशावर रंगाने दाखवलेला होता.

औंधवाल्यांची अडचण उलट होती. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान 72 गावांचे, आणि ही गावे एका जागी नव्हती. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर पार विजापूरकडे. संस्थानच्या कामगाराला औंधहून आटपाडीला जायचे तर इंग्रजांच्या मुलखातून जावे लागे. म्हणजे स्वतःच्या राज्यातून स्वतःच्या राज्यात जाण्यासाठी मध्ये परराज्याचा प्रवास. आजच्या नियमाने पाहिले तर अशा प्रत्येक फेरीला दोनदा मंजुरी लागली असती, एकदा बाहेर पडायला आणि एकदा परतीला. याच संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसवली, जिथे कैदी भिंतीशिवाय राहत. सरकारी नोकरांसाठी तसा प्रयोग अजून झालेला नाही.

सांगली संस्थानही असेच विखुरलेले होते. मंगळवेढा, तेरदाळ, बेळगावलगतचे शहापूर आणि दोनशे किलोमीटरहून दूर असलेले शिरहट्टी हे सगळे पटवर्धनांच्या सांगलीचे भाग. सांगली दरबारचा कारकून शिरहट्टीला बदलून गेला तरी तो आपल्याच राज्यात असे. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले, 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि 1960 मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. मंगळवेढा सोलापूर जिल्ह्यात गेले, शहापूर बेळगावात, तेरदाळ बागलकोटकडे, शिरहट्टी गदगकडे. आज सांगलीच्या जिल्हा कार्यालयातल्या माणसाला जुने दप्तर पाहण्यासाठी शिरहट्टीला जायचे असेल तर प्रस्ताव मुंबईला धाडावा लागेल. तिथे बसलेला कक्ष अधिकारी पहिला शेरा 'शिरहट्टी कोठे आहे याचा खुलासा करावा' असा मारील, आणि त्यात त्याची चूक असणार नाही.

प्रस्तावाची रीत ठरलेली आहे. समजा, हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामीण विकास व पंचायती राज संस्थेत पाच दिवसांचे प्रशिक्षण आहे आणि त्यासाठी जिल्ह्यातून एका विस्तार अधिकाऱ्याचे नाव मागवले आहे. पत्र दिल्लीहून मुंबईला, मुंबईहून पुण्याला विभागीय आयुक्तांकडे, तिथून जिल्हा परिषदेत आणि तिथून पंचायत समितीत येते. प्रत्येक ठिकाणी त्यावर आवक क्रमांक पडतो, 'तात्काळ' असा शिक्का बसतो आणि ते दोन दिवस पडून राहते. तालुक्याला पोचते तेव्हा प्रशिक्षण सोमवारी असते आणि वार शुक्रवार असतो. त्यावर टिपणी लिहिली जाते. टिपणीची भाषा वर्षानुवर्षे तीच आहे: 'सादर. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, संदर्भीय पत्रान्वये प्रशिक्षणास उपस्थित राहणेबाबत कळविण्यात आले आहे. तरी परराज्यात जाण्यास मान्यता मिळणेस विनंती. मान्यतेस्तव सादर.' या चार ओळींखाली सह्यांची उतरंड लागते. कनिष्ठ सहायक, वरिष्ठ सहायक, अधीक्षक, मग साहेब. वाटेत कोणीतरी मार्जिनमध्ये 'चर्चा करावी' असे लिहितो. चर्चा होत नाही, पण नस्ती चर्चेसाठी म्हणून टेबलावर राहते.

हीच टिपणी ज्या वाटेने पत्र आले त्याच वाटेने वर जाते. ई-ऑफिस आल्यापासून ती संगणकातून जाते, त्यामुळे ती आता कुठे अडकली आहे हे सर्वांना दिसते. पूर्वी नुसताच अंदाज असे.

इथे कर्मचाऱ्यापुढे दोन पर्याय उरतात. मंजुरीची वाट पाहावी, म्हणजे प्रशिक्षण बुडते आणि 'अनुपस्थितीबाबत खुलासा करावा' असे पत्र येते. किंवा तोंडी होकारावर निघावे, म्हणजे प्रशिक्षण होते आणि 'विनापरवानगी मुख्यालय सोडल्याबाबत खुलासा करावा' असे पत्र येते. अनुभवी माणूस दुसरा पर्याय निवडतो, कारण त्यात निदान हैदराबाद पाहून होते. या कोंडीवर शासनाने काढलेला तोडगा म्हणजे कार्योत्तर मंजुरी. होऊन गेलेल्या गोष्टीला ती व्हावी अशी परवानगी देण्याची ही सोय आहे. कर्मचारी परतलेला असतो, प्रमाणपत्र फ्रेम होऊन भिंतीवर लागलेले असते, आणि मग त्याला जाण्यास हरकत नसल्याचे पत्र मिळते. सोय उपयोगी आहे, फक्त तिची सवय लागली की आधीच्या मंजुरीला काम उरत नाही, आणि बऱ्याच कार्यालयांत ते उरलेलेही नाही.

नियमामागे कारण नाही असे मात्र म्हणता येत नाही. सरकारी पैशाने होणाऱ्या प्रवासाला कुंपण नसेल तर अभ्यास दौरे फोफावतात. लोकप्रतिनिधी आणि अधिकारी मिळून काढलेल्या अशा दौऱ्यांच्या जागा पाहिल्या तर ज्ञान मुख्यतः समुद्रकिनारी आणि थंड हवेच्या ठिकाणी साठते, असा निष्कर्ष निघतो. पंचायत राज केरळमध्ये उत्तम चालते हे खरेच आहे, आणि ते डिसेंबरात अधिक स्पष्ट दिसते. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या आदर्श ग्रामपंचायतीचा अभ्यास करावा, अशी मागणी सातारा-सांगलीतून जोराने पुढे आल्याचे ऐकिवात नाही. साताऱ्याला या व्यवहाराची दुसरी बाजूही चाखता येते. महाबळेश्वर-पाचगणीत बाहेरच्यांच्या परिषदा आणि शिबिरे भरत असतात, आणि सकाळच्या सत्राला हजेरी कमी का असते हे वेण्णा तलावावर गेल्यास कळते.

अडचण आहे ती मोजमापाची. नियम अंतर मोजत नाही, हद्द मोजतो. मिरजेहून मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या पुढे आहे; मंत्रालयात बैठक लागली की माणूस रात्रीच्या गाडीने निघतो आणि कोणी भुवई उंचावत नाही. कागवाडला जायला मात्र राज्यस्तरीय विचारविनिमय लागतो. जत तालुक्यातल्या उमदीहून विजापूर, आताचे विजयपुरा, हे सांगलीच्या मानाने निम्म्याहूनही जवळ आहे. उमदीचा शेतकरी दवाखान्याला, बाजाराला आणि सोयरिकीला तिकडे जातो. त्याच्या बांधावरच्या पिकाची पाहणी करणारा कृषी सहायक मात्र बांधाच्या अलीकडेच थांबतो. टोळधाड किंवा लष्करी अळी पलीकडून येत असेल, तर ती अलीकडे आल्यावर तिचा पंचनामा करता येतो.

सरकारी गाडीचे आणखी वेगळे. 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी लावलेली जीप हद्दीपलीकडे न्यायला सहसा स्वतंत्र परवानगी लागते. साहेबांना मंजुरी मिळाली म्हणून गाडीला मिळाली असे होत नाही, आणि दोघांना मिळाली म्हणून चालकाला मिळाली असेही नाही. याच रस्त्यावरून एसटीचे चालक-वाहक दिवसातून कितीदा तरी ये-जा करतात. दोन राज्यांमधल्या वाहतूक करारानुसार मिरज आणि जत आगारांच्या गाड्या कर्नाटकात जातात, कर्नाटकाच्या गाड्या इकडे येतात. ते महामंडळाचे कर्मचारी, त्यामुळे त्यांना दर फेरीला टिपणी सादर करावी लागत नाही. लागली असती तर पहिली गाडी अजून आगारात उभी असती.

पूर आला की हा सगळा डोलारा काही दिवस गुंडाळून ठेवला जातो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. अशा वेळी कोयनेतून किती पाणी सोडले आणि अलमट्टीतून किती, हे तासातासाला विचारावे लागते आणि जलसंपदाचे अभियंते पलीकडच्या अभियंत्यांशी थेट फोनवर बोलतात. फोनवरून परराज्यात जाण्यास मंजुरी लागत नाही, ही नियमातली फट मोठ्या उपयोगाची ठरली आहे. पाणी ओसरले की समन्वय बैठकीचा विषय निघतो आणि बैठक हद्दीच्या कोणत्या बाजूला घ्यायची याचा प्रस्ताव सादर होतो.

पोलिसांचा परराज्य प्रवास हे स्वतंत्र प्रकरण आहे. फरार आरोपी राजस्थानात असल्याची खबर लागली की साताऱ्याचे किंवा सांगलीचे पथक निघते. त्यासाठी वरिष्ठांची परवानगी लागते आणि तिकडच्या ठाण्याला कळवावे लागते. आरोपी सापडला तर स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करून ट्रान्झिट रिमांड घ्यावा लागतो आणि मग त्याला घेऊन परतायचे. आरोपीला मात्र हद्द ओलांडताना कोणाची मान्यता घ्यावी लागत नाही आणि त्याचा प्रवास नेहमी कार्यक्षम असतो. परवानगी वेळेत यावी म्हणून पोलीस खात्यात फोन फिरतात. म्हणून या एका खात्यात नियम बऱ्यापैकी वेगाने चालतो. चालला नाही तर वर्तमानपत्रात येते.

आपल्या राज्याची मंजुरी मिळाली म्हणजे काम झाले, असे नियम मानतो. दुसऱ्या राज्याचे मत त्याने विचारात घेतलेले नाही. 2022 च्या डिसेंबरात ही उणीव उघडी पडली. सीमाप्रश्नाच्या समन्वयासाठी नेमलेले दोन मंत्री, चंद्रकांत पाटील आणि सातारा जिल्ह्यातल्या पाटणचे शंभूराज देसाई, बेळगावला जाणार होते. दौरा आधी 3 डिसेंबरचा ठरला, मग 6 डिसेंबरचा. कर्नाटकचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी येऊ नये असे कळवले, बेळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी प्रवेशबंदीचा आदेश काढला आणि दौरा लांबणीवर पडला. मंत्र्यांना स्वतःच्या राज्यात कोणाच्या सहीची वाट पाहावी लागत नाही. ती पाहायची वेळ परराज्यामुळे आली. तालुक्याच्या कारकुनांना हा प्रसंग समजायला कोणतेही भाष्य वाचावे लागले नाही.

त्याच सुमारास जत तालुक्यातल्या चाळीस गावांवर कर्नाटक दावा सांगण्याच्या विचारात असल्याचे बोम्मई यांनी जाहीर केले होते. पाण्यासाठी वैतागलेल्या या गावांनी पूर्वी तसा सूर लावला होता, हा त्याचा आधार. दावा दाव्यापुरताच राहिला. तो खरा झाला असता, तर तिथले तलाठी आणि ग्रामसेवक सज्जातल्या खुर्चीवर बसल्या बसल्या परराज्यात गेले असते, आणि पूर्वपरवानगी नसल्याबद्दलचा खुलासा कोणत्या सरकारला द्यायचा यावर दोन राज्यांत पत्रव्यवहार झाला असता.

मंजुरीनंतर येतो मुक्काम. नियमाला मुक्कामाची पावती लागते, आणि सांगलीच्या माणसाची इथे पंचाईत होते, कारण तो कुठेही गेला तरी त्याला आपले माणूस भेटते. खानापूर-विटा, आटपाडी, तासगाव, शेजारचे खटाव-माण, इथले हजारो लोक सोने-चांदी गाळण्याच्या गलाई धंद्यात देशभर पसरलेले आहेत. कोइमतूर असो की कोलकाता, सराफकट्ट्याच्या एखाद्या अरुंद जिन्यावरून भट्टीचा वास येतो आणि वर विट्याची बोली ऐकू येते. कामाला आलेला सरकारी नोकर लॉजवर उतरला, असे तिथल्या गलाईवाल्याला कळले की तो अपमान मानतो. "पाव्हणं, आमी मेलोय का? बॅग आणा इकडं." रात्री बाजरीची भाकरी, मटणाचा रस्सा आणि गावाकडच्या भावकीच्या भांडणांचा अहवाल होतो. सकाळी पाहुण्याने पावतीचा विषय काढला, तर यजमान पुढचे काही ऐकूनच घेत नाही. पावती नाही, म्हणून मुक्कामाचा खर्च नाही. खर्च नाही, तर रात्र कुठे काढली याचा पुरावा नाही. शासनाचे शेकडो रुपये वाचतात आणि देयकावर संशय बसतो.

फुरसतीच्या प्रवासाला हद्द आणखी कडक आहे. राज्य कर्मचाऱ्याला दोन वर्षांतून एकदा स्वग्रामची आणि चार वर्षांतून एकदा महाराष्ट्र दर्शनाची रजा प्रवास सवलत मिळते. नावाप्रमाणे ती महाराष्ट्रापुरती. मिरजेच्या माणसाला शेकडो किलोमीटरवरचे ताडोबा सरकारी खर्चाने पाहता येते, आणि विजापूरचा गोलघुमट स्वतःच्या खर्चाने.

शेवटी देयक. ते भरताना निघण्याची आणि पोचण्याची वेळ, तिकीट, मंजुरीचा आदेश आणि अनेक प्रमाणपत्रे जोडायची असतात: शासकीय वाहन वापरले नाही, जवळच्या मार्गाने प्रवास केला, ही रक्कम यापूर्वी उचललेली नाही. भत्ता मुख्यालयाबाहेर किती तास काढले यावर ठरतो, त्यामुळे गाड्या देयकात कधीही लवकर पोचत नाहीत. देयक लेखा शाखेत जाते आणि तिथे पहिली नजर तारखेवर पडते. "रावसाहेब, ऑर्डर गुरुवारची हाय. तुमी सोमवारी गेलाय." "कार्योत्तर आहे की हो ती." "मग ऑर्डरीत तसं लिवायला पायजे हुतं." आदेश दुरुस्तीसाठी परत वर जातो. शुद्धिपत्रक निघून येते तेव्हा मार्च उलटलेला असतो आणि देशांतर्गत प्रवास खर्चाच्या उद्दिष्टाखाली त्या वर्षी आलेले अनुदान संपलेले किंवा परत गेलेले असते. देयक पुढच्या वर्षीच्या अनुदानातून काढावे असा शेरा पडतो. तोवर कर्मचाऱ्याची बदली झाली असेल, तर देयक त्याच्या नव्या कार्यालयाकडे पाठवले जाते, आणि नवे कार्यालय ते जुन्या कार्यालयाकडे परत करते, कारण प्रवास त्या काळातला आहे.